मधली मोटार

घोंगडीवाल्या बिरप्पाला मोटार घ्यायची आहे, हे शुक्रवार पेठेत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या घरातही नव्हतं. सात-आठ महिने त्यानं ही गोष्ट पोटात ठेवली होती. संध्याकाळ झाली की दुकान मुलाच्या, भिमाच्या हाती द्यायचं, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणायचं, आणि थेट मोटारीच्या दुकानासमोर जाऊन उभं राहायचं.

पाय मोकळे करायची खरं तर त्याला काही गरज नव्हती. निम्मा जन्म पायांवरच गेला होता. आठव्या वर्षी तो बापाच्या मेंढरांमागं चालायला लागला. लग्न झाल्यावर मायाक्का त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. बिऱ्हाड तट्टावर, पोर पाठीच्या झोळीत, आणि पुढं मेंढरं. दिवाळी झाली की निघायचं, मिरगाच्या आधी परतायचं. एका दुष्काळात कळप मोडला तेव्हा बिरप्पानं घोंगडी खांद्यावर टाकून दारोदार विकायला सुरुवात केली. माणूस बोलायला मऊ आणि मालाला खरा, त्यामुळं जम बसला. पन्नाशीला आला तेव्हा पेठेत माडीचं घर होतं, खाली दुकान होतं, आणि आसपासच्या गावांतून विणकरांची घोंगडी त्याच्याकडंच येत होती.

मोटारीचं त्याच्या डोक्यात जे चित्र होतं ते असं: पुढं डायवर, मागच्या गादीवर आपण, एक हात बाजूच्या कडेवर टाकलेला, आणि शेजारी मायाक्का. त्या चित्रात मायाक्का नक्की होती. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नसतं.

अठ्ठावीस सालच्या दसऱ्यानंतर एका रात्री जेवताना त्यानं विषय काढला.

“मोटार घ्यावी म्हनतोय.”

भिमाचा घास हातातच राहिला. सून केराबाईनं भाकरी तव्यावरच ठेवून मान वळवली. दोन्ही नातवंडं एकमेकांकडं बघायला लागली. मायाक्कानं मात्र बिरप्पाच्या ताटात शेंगाची चटणी वाढली आणि म्हणाली, “घ्या की. मी न्हाय बसणार.”

“का गं?”

“तुमाला ठावं हाय.”

ठाऊक होतंच. गेल्या साली अक्कलकोटाहून माहेरी जाताना ती सर्व्हिस मोटारीत बसली होती. चौथ्या मैलाला तिचं पोट जे ढवळलं ते थांबेना. सहाव्या मैलाला तिनं मोटार थांबवायला लावली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि उरलेली वाट चालत गेली. तेव्हापासून पेट्रोलचा नुसता वास आला तरी ती पदर नाकाला लावायची. उन्हात बारा मैल चालणारी, तापात मेंढरं राखलेली बाई, पण मोटारीपुढं तिनं हात टेकले होते.

“ती सर्व्हिस मोटार हुती,” बिरप्पा म्हणाला. “माणसं कोंबलेली, डबड्यागत. आपली येगळी.”

“पोट तर माजंच हाय न्हवं?” मायाक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मोटारीच्या दुकानात पहिल्यांदा पायरी चढून आत गेला.

तिथं विक्रीचं काम बघणारा पंचाक्षरी नावाचा माणूस होता. तिशीचा, कपाळाला विभूती, अंगात कोट, आणि बोलणं तुपासारखं. त्यानं बिरप्पाला खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न विचारला, “मालक, घरची माणसं किती?”

“सहा. मी, आमची मंडळी, पोरगा, सून, दोन नातवंडं.”

“मग तीन गाड्या दाखवतो. एक लहान, विलायती. एक मोठी, सात माणसांची. आणि एक मधली. घरी घेऊन येतो, बसून बघा, फिरून बघा. बैलाचे दात बघतो आपण, मग मोटारीचे का बघू नयेत?”

बिरप्पाला माणूस आवडला. निघताना तो जरा घुटमळला. “एक सांगायचं राहिलं. आमच्या मंडळींना मोटार लागती.”

“लागते म्हणजे?”

“उलटी हुती.”

पंचाक्षरी हसला नाही. “आमच्या आईलाही व्हायची,” एवढंच म्हणाला.

लहान गाडी रविवारी सकाळी आली. काळी, चारी बाजूंनी बंद, काचांची. गल्लीत ती छान शिरली, दारासमोर उभी राहिली, नि पेठेतली निम्मी माणसं तिच्याभोवती जमली. चालवणारा बाशुमियाँ म्हणून एक म्हातारा होता. पूर्वी संस्थानाच्या मोटारीवर होता म्हणत. मायाक्का बसायला तयार नव्हती. पण पेठेसमोर नवऱ्याला तोंडघशी पाडायचं तिच्या मनात येईना. लिंबू नाकाशी धरून ती मागं बसली. शेजारी बिरप्पा, मांडीवर थोरला नातू. बिरप्पाचे गुडघे हनुवटीला लागत होते आणि पटका छताला. विजापूर वेशीपर्यंत मायाक्का गप्प होती. वेशीपाशी तिनं बिरप्पाचं मनगट घट्ट धरलं. काच खाली करायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा त्रास पुढं नातवाच्या नव्या टोपीला झाला.

मोठी गाडी पुढच्या रविवारी आली. तिला गल्लीच्या तोंडाशीच थांबावं लागलं, आत वळेना. पण काय गादी होती. भिमा तर आत बसून पाच मिनिटं गादीच दाबत राहिला. “आप्पा,” तो शेवटी म्हणाला, “हीच घ्यायची. माणसं बघत ऱ्हातील.” सगळं घर तिच्यात बसलं, वर जागा उरली. होटगीच्या रस्त्याला लागल्यावर ती मऊ स्प्रिंगांवर अशी झुलायला लागली की नातवंडं खिदळायची थांबेनात. मायाक्काला मधोमध, मानाच्या जागी बसवलं होतं. तिचा चेहरा हळूहळू हळदीसारखा होत गेला.

बाशुमियाँनं गाडी थांबवली खरी, पण उशीर झाला होता. पंचाक्षरीनं खिशातला स्वच्छ रुमाल काढून गादी पुसली. बिरप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायाक्का रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. केराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“तुमी घ्या,” घरी आल्यावर मायाक्का त्याला म्हणाली. आवाजात राग नव्हता. “पोरं बसतील, सून बसंल. मला माहेराला जायाचं तर रेल्वे हाय की. दुधनीला उतरायचं, फुडं भावाची बैलगाडी. इतकी वर्सं तसंच गेले.”

बिरप्पा माडीवर जाऊन पडला. पैशाची अडचण नव्हती. मोटार आणून दारात उभी करायला कुणाची परवानगी नको होती. पण मागच्या गादीवर आपण एकटेच, ही कल्पना त्याला काही केल्या पचेना. बाई तीस वर्षं आपल्याबरोबर चालली. आता बसायची वेळ आली तर तिनं रेल्वेनं जायचं आणि आपण मोटारीनं. सकाळी तो मोटारीच्या दुकानात गेला आणि पंचाक्षरीला म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. आमचं काय जमत न्हाय.”

“मधली राहिलीय अजून,” पंचाक्षरी म्हणाला.

“तिला काय येगळं पोट हाय का?”

“उघडी आहे. वर नुसता कापडी टप, तोही मागं पाडता येतो. वाऱ्याला आडकाठी नाही. आणि पेठेत नको, शहरात नको. लांबच्या रस्त्यावर बघू. मंडळींचं माहेर कुठलं?”

“दुधनीकडलं. टेसनापासून आठ मैल आत.”

“चला मग तिकडंच.”

योग असा की त्याच आठवड्यात मायाक्काच्या भावाकडून, गुंडाकडून निरोप आला. त्याच्या घरी नातू झाला होता आणि बारशाला अक्का पाहिजेच होती. मायाक्का रेल्वेनं निघायच्या बेतात होती. बिरप्पानं मोटारीचं सांगितलं तेव्हा तिनं गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, “वळसंगापातूर येते. तितं ढवळलं तर उतरणार. गाडी मिळाली तर गाडी, न्हायतर चालत. मग मला कुणी काय म्हनायचं न्हाय.”

“न्हाय म्हनत,” बिरप्पा म्हणाला.

मधली मोटार बाटलीसारख्या हिरव्या रंगाची होती. लहानीपेक्षा हातभर लांब, मोठीपेक्षा हातभर आखूड, चाकं उंच. गल्लीत ती एकदा मागंपुढं करून आत आली. पुढं बाशुमियाँ आणि पंचाक्षरी, मागं बिरप्पा, मायाक्का आणि पायाशी बारशाच्या सामानाचं गाठोडं. भिमा आणि केराबाई दुकान सांभाळायला राहिले. भिमा जरा फुरंगटून राहिला, कारण त्याच्या डोळ्यांपुढून मोठी गाडी हलत नव्हती.

गाव मागं पडलं. ज्वारी कमरेएवढी झाली होती, वारा चांगला होता. तरी कुंभारीच्या अलीकडं मायाक्कानं डोळे मिटून घेतले आणि बिरप्पानं ओळखलं.

“थांबवा,” तो म्हणाला.

एका लिंबाखाली गाडी थांबली. मायाक्का उतरली, दोन घोट पाणी प्याली. उलटी झाली नाही, पण ओठ पांढरे पडले होते. ती गाठोड्याकडं हात करत म्हणाली, “द्या हिकडं. वळसंग फार लांब न्हाय. मी चालते.”

पंचाक्षरी खाली मान घालून उभा राहिला. बाशुमियाँ मात्र चाकाला टेकून बिडी ओढत होता. त्यानं इतके दिवस कुणाच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. बिडी विझवून तो म्हणाला, “सेठ, बाईकू सामने बिठाओ. रस्ता दिखता रह्या तो पेट हलताच नै. मैं बी पीछे बैठा तो मेरेकू बी चक्कर आती.”

“तुमाला?” बिरप्पाला खरं वाटेना. “तुमी तर डायवर.”

“हौ. इसीच वास्ते डायवर हुआ.”

मायाक्कानं मान वर करून म्हाताऱ्याकडं बघितलं. हा पहिलाच माणूस होता ज्याला तिचं दुखणं कळलं होतं. पण बिरप्पा अवघडला. बायकोला पुढं, परक्या माणसाच्या शेजारी बसवायचं, आणि आपण मागं? वाटेतल्या गावांतली माणसं काय म्हणतील?

“बाशुभाई माज्या थोरल्या भावावानी हाय,” मायाक्का म्हणाली, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढं जाऊन बसली. पंचाक्षरी मुकाट्यानं मागं आला.

गाडी निघाली. बिरप्पा तिच्या पाठीकडं बघत राहिला. पहिला मैलभर ती लाकडासारखी ताठ होती. मग तिचे खांदे जरा खाली आले. मग तिनं लिंबू ओटीत टाकलं. मग हात वर करून तिनं काहीतरी दाखवलं आणि बाशुमियाँनं गाडी हळू केली. पुढं शेळ्या होत्या. थोड्या वेळानं पुन्हा हात. या वेळी खड्डा. त्यानंतर तर दोघांचं बोलणंच सुरू झालं. काय बोलतायत ते वाऱ्यामुळं मागं ऐकू येत नव्हतं. बिरप्पा पुढं वाकला, कान दिला, तरी शब्द उडून जात होते.

“काय म्हनती?” त्यानं शेवटी ओरडून विचारलं.

मायाक्का वळली. तिच्या गालावर रंग आला होता. “कायबी न्हाय. मटकी बरी आलीय म्हनत हुते.”

वळसंग आलं आणि मागं गेलं. उतरायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. अक्कलकोटात थांबून तिनं भाकरी खाल्ली, चटणीसकट. बिरप्पानं डोळे भरून ते जेवण बघितलं.

माहेरात मोटार शिरली तेव्हा सारं गाव गोळा झालं. गुंडा धावत आला आणि कानडीतनं विचारायला लागला, अक्का, बरी हायेस न्हवं, उलटी झाली का? मायाक्का पायदानावरून उतरली, लुगडं नीट केलं आणि म्हणाली, “इल्ला.” नाही. इतक्या ऐटीत तिनं आयुष्यात कधी नाही म्हटलं नसेल. बारशाला पाळण्यापेक्षा मोटारीभोवतीच जास्त बायका होत्या, आणि मायाक्का एकेकीला सांगत होती की मागं नाही बसायचं, पुढं बसायचं.

परतीच्या वाटेवर बिरप्पा मागच्या गादीवर हात टाकून बसला होता. सात-आठ महिने मनात धरलेली तीच ऐट, तीच गादी. शेजारी पंचाक्षरी पेंगत होता. पुढं मायाक्का बाशुमियाँला मेंढरांच्या जाती समजावून सांगत होती. बिरप्पाला कळून चुकलं की गाडी हीच घ्यायची, पण जागा ही नाही.

मोटारीच्या दुकानाशी उतरल्यावर तो पंचाक्षरीला म्हणाला, “ही ठेवा माज्यासाटी. म्हैनाभर लागंल.”

“पैशाची घाई नाही मालक.”

“पैशाचं न्हाय.” मग तो बाशुमियाँकडं वळला. “मला शिकवाल का?”

बाशुमियाँनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “उमर कितनी, सेठ?”

“पन्नास.”

“घाबरना नक्को. घोडे पे बैठना बी लोगां पन्नास में सीखते.”

शिकवणी त्याच हिरव्या मोटारीवर, गिरणीच्या पलीकडच्या माळावर, सकाळी उजाडताना सुरू झाली. पहिले चार दिवस बिरप्पानं गाडी कमी आणि घाम जास्त काढला. दोन पाय एकाच वेळी तीन पेडलांवर कसे ठेवायचे हे त्याला उमगेना. गाडीनं हिसका दिला की त्याच्या तोंडून आपोआप मेंढरं थोपवायची आरोळी निघायची, आणि ब्रेक तसाच राहून जायचा. पाचव्या दिवशी असाच आरोळी ठोकत तो बाभळीच्या कुंपणात शिरला. मोटारीला चार ओरखडे पडले, त्याला सहा.

“मेंढरू ऐकतं,” बाशुमियाँ काटे काढत म्हणाला. “मशीन नै ऐकती. पाँव दबाओ.”

सहाव्या दिवशी मायाक्का बरोबर आली. कुणी बोलावलं नव्हतं. बाशुमियाँ मागं जाऊन बसला, त्याला चक्कर येत असली तरी. मायाक्का पुढं, बिरप्पाच्या शेजारी.

“तुला भ्या न्हाय वाटत?” बिरप्पानं विचारलं.

“वाटतंय की. पन तुमी रस्ता सोडून माज्याकडं का बगताय?”

त्यानं पुढं बघितलं. तिनं बोलायला सुरुवात केली, खड्डा, दगड, आता वळण, हळू, आता सोडा. कळपाच्या पुढं चालताना ती असंच बोलायची. ओढा कुठं उतार देईल, काटा कुठं आहे, सगळं ती आधी बघायची आणि तो मागून हाकायचा. हे दोघांच्या अंगात मुरलेलं होतं, नुसतं आठवायला लागलं. माळाला तीन फेरे झाले. आरोळी एकदाही निघाली नाही. मागून बाशुमियाँ म्हणाला, “बस. अब मेरेकू उतारो.” त्याला खरंच मळमळत होतं. मायाक्कानं ओटीतलं लिंबू त्याला दिलं.

महिन्याच्या शेवटी कचेरीतल्या साहेबानं बिरप्पाकडून गाडी पुढंमागं करून घेतली, दोन प्रश्न विचारले आणि लायसन दिलं. बिरप्पानं ते घोंगडीच्या कापडात शिवून गळ्यात घातलं. मोटार दारात आली. केराबाईनं चाकांना कुंकू लावलं, नारळ फुटला. भिमा दाराशी उभा राहून म्हणाला, “आप्पा, मोठी मानाची हुती बगा.”

“व्हय,” बिरप्पा म्हणाला. “पन ती तुज्या आव्वाला लागती. ही न्हाय लागत.”

भिमा मागचं दार उघडून मुलांना आत बसवायला लागला. संध्याकाळपर्यंत पेठेतल्या निम्म्या पोरांना त्यानं गाडीत बसवून भोंगा वाजवू दिला होता, आणि भेटेल त्याला सांगत होता की उघडी गाडीच बरी, बंद गाडीत जीव घुसमटतो.

पेठेत दोन-चार दिवस चर्चा झाली. धनगराची बायको पुढं बसती, पदर वाऱ्यावर. कुणी म्हणालं, नवराच डायवर झाला, मालक कोण? बिरप्पाच्या कानावर आलं तेव्हा तो दुकानात घोंगडी उलगडून दाखवत होता. त्यानं गिऱ्हाइकाला काठ दाखवला, वीण दाखवली, आणि चर्चा तिथंच राहिली.

पुढच्या सोमवारी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मायाक्का माडीवरून खाली आली, डोक्यावरून पदर घेतलेला, हातात पाण्याची कळशी आणि भाकरीचं फडकं.

“जायाचं का?” तिनं विचारलं.

“कुटं?”

“कुंभारीकडं.”

“कुंभारीत काय काम हाय?”

मायाक्कानं भाकरीचं फडकं कळशीवर ठेवलं. “काम न्हाय,” ती म्हणाली. “असंच.”

बिरप्पानं तिच्याकडं बघितलं. दोघं मिळून शेकडो कोस हिंडली होती, पण चाऱ्यासाठी, पाण्यासाठी, बाजारासाठी, कुणाच्या लग्नासाठी नाहीतर मयतीसाठी. असंच म्हणून कधी कुठं गेली नव्हती. त्यानं भिमाला हाक मारून गल्ल्यावर बसवलं, पटका बांधला आणि बाहेर जाऊन हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली.

कुंभारीच्या पुढं एका विहिरीवर त्यांनी मोटार उभी केली. सावली बघून बसले, भाकरी खाल्ली. मोटेवरचा माणूस येऊन विचारून गेला, कुणाकडं आलाय? बिरप्पानं सांगितलं, कुणाकडं नाही. त्या माणसाला ते पटलं नाही, पण त्यानं दोन कांदे आणून दिले. ऊन उतरल्यावर मायाक्का उठली, फडकं झटकलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

“हळू घ्या,” ती म्हणाली. “म्होरं वळणावर वाळू हाय.”